गाणी इंग्रजीची, अंगण मराठी शाळेचे

खानापूर तालुक्यातील एका मराठी घरी काही दिवसांपूर्वी जाण्याचा योग आला. चहा होईपर्यंत घरच्या आजोबांनी कौतुकाने नातीला हाक मारली आणि "पाहुण्यांना इंग्लिश पोएम म्हणून दाखव बघू," असे सांगितले. जवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बालवर्गात जाणारी ती पाच वर्षांची मुलगी ताठ उभी राहिली. एकापाठोपाठ एक अशी चार इंग्रजी गीते तिने न अडखळता, हातवाऱ्यांसह म्हटली. मी तिला जवळ घेऊन विचारले, "या शेवटच्या गाण्यात काय झालं गं? कोण पडलं, कोण उठलं?" तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि आमच्या बेळगावी मराठीत प्रांजळपणे सांगून टाकले, "ते ठाऊक नाही, खरं म्हणायला येतंय."

आमच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण', हे सीमाभागाबाहेरच्या वाचकांसाठी नमूद करतो. त्या मुलीचा यात काही दोष नाही. तिने सांगितले तेच आज आपल्या भागातील बालशिक्षणाचे खरे दुखणे आहे. गीत मुखोद्गत आहे, अर्थ मात्र ठाऊक नाही. आणि त्या मुखोद्गत गीताच्या भरवशावर त्या घराने गावातील मराठी शाळेकडे पाठ फिरविली आहे.

लहान मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठी गाणी आणि खेळ यांहून चांगली साधने नाहीत, असे माझे मत आहे. परंतु ही साधने अर्थाशी जोडली गेली तरच त्यांतून भाषा येते, आणि पाच-सहा वर्षांच्या मराठी मुलाला अर्थाशी जोडणारी भाषा त्याची मातृभाषाच असते. म्हणून खेळातून इंग्रजी शिकविण्याची योग्य जागा मराठी शाळा होय. हे काम मराठी शाळांनी मनावर घेतले नाही, तर इंग्रजीच्या ओढीने त्यांचा पट असाच घटत राहील. आजच्या लेखात याच विषयाचा थोडा सविस्तर विचार करू.

प्रथम गाण्याचे पाहू. गाणे मुलाला नेमके काय देते? शब्दसंपत्ती देते, असे सर्वसाधारण उत्तर मिळते. माझ्या मते तो त्याचा दुय्यम लाभ होय. आपल्या छंदशास्त्रात अक्षरे किंवा मात्रा मोजण्याची रीत आहे. इंग्रजी पद्यात आघात मोजले जातात. हा भेद मुळात दोन्ही भाषांच्या बोलण्यातच आहे. मराठीत आपण शब्दातील प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा न्याय देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि शेजारची अक्षरे अंग चोरून उभी राहतात. 'बनाना' हा शब्द मराठी मूल तिन्ही अक्षरे सारखी ठेवून म्हणते; इंग्रज माणूस मधल्या 'ना'वर भर देतो आणि पहिले व शेवटचे अक्षर अर्धेमुर्धेच उच्चारतो. हे नियमाने समजावून सांगू गेल्यास महाविद्यालयातील विद्यार्थीही गोंधळतात. टाळी वाजवून म्हटलेल्या गीतात मात्र टाळी आघाताच्या अक्षरावरच पडते, आणि इंग्रजीची चाल मुलाच्या अंगात कोणत्याही व्याख्येवाचून भिनते. अमेरिकेतील शिक्षिका कॅरोलिन ग्रॅहम यांनी १९७८ साली 'जॅझ चँट्स' या नावाने बोलण्याच्या लयीवर बेतलेले पाठ प्रसिद्ध केले, ते याच तत्त्वावर.

उच्चारांचेही तसेच आहे. मराठी लेखनात ऱ्हस्व-दीर्घ इकार आपण काटेकोरपणे पाळतो, परंतु बोलताना त्या लांबीवर शब्दाचा अर्थ क्वचितच अवलंबून असतो. त्यामुळे जहाज या अर्थाचा 'शिप' आणि मेंढी या अर्थाचा 'शीप' मराठी कानाला एकच वाटतात. लहान वयात कान कोवळा असतो. जहाजाचे आणि मेंढीचे अशी दोन चित्रे समोर ठेवून, शब्द ऐकताच योग्य चित्रावर हात ठेवण्याचा खेळ घेतला, तर मुले हा भेद हसतखेळत टिपतात.

येथे सीमाभागातील मुलाची एक जमेची बाजू सांगितली पाहिजे. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' या स्वरांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन स्वतंत्र प्रकार आहेत आणि त्यांना स्वतंत्र अक्षरेही आहेत. मराठीत ती नाहीत. इंग्रजीत 'मिळवणे' या अर्थाचा 'गेट' आणि फाटक या अर्थाचा 'गेट', लेखणी या अर्थाचा 'पेन' आणि वेदना या अर्थाचा 'पेन', हे उच्चाराने वेगळे आहेत. देवनागरीत मात्र आपण ते एकसारखेच लिहितो. बाजारात, बसमध्ये, शेजारी कन्नड ऐकत वाढलेल्या आपल्या मुलाला ही ऱ्हस्व-दीर्घाची जाण आधीच आलेली असते. संख्यांचेही पाहा. 'तेवीस' म्हणताना मराठीत आधी तीन येतात आणि मग वीस. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये आधी वीस, मग तीन. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' असे संख्यावाचन आले, तेव्हा केवढे वादंग माजले होते! सीमाभागातील मूल या दोन्ही रीती रोज ऐकते. आमचा झगडा सक्तीशी आहे, कन्नड भाषेशी नाही, हे आम्ही वारंवार सांगत आलो आहोत. तीन भाषा कानावर पडणे हे ओझे मानण्याऐवजी शिक्षकाने त्यांचे भांडवल करावे.

आता खेळांकडे वळू. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी खेळला असेल. 'शिवाजी म्हणतो' असे शब्द आधी आले तरच आज्ञा पाळायची. नुसती आज्ञा आली तर जागचे हलायचे नाही. हाच खेळ इंग्रजी आज्ञांनी खेळून पाहावा: 'शिवाजी म्हणतो, टच युवर नोज', 'शिवाजी म्हणतो, जंप'. मुलाला तोंडाने एक शब्दही उच्चारावा लागत नाही, तरीही त्याचे लक्ष प्रत्येक शब्दावर खिळलेले असते, आणि त्याला अर्थ कळला की नाही हे शिक्षकाला तत्काळ दिसते. जेम्स आशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात शारीरिक प्रतिसादातून भाषा शिकविण्याची जी पद्धत मांडली, तिचे मर्म हेच आहे. तान्हे मूल बोलू लागण्याच्या कितीतरी आधी आईचे बोलणे समजू लागते. दुसऱ्या भाषेतही त्याला असा ऐकण्याचा काळ मिळायला हवा. पहिल्याच आठवड्यात 'व्हॉट इज युवर नेम?' विचारून उत्तरासाठी मुलाला उभे करणे म्हणजे रोप लावल्या दिवशी फळ मागणे होय.

दुसरा खेळ दुकानाचा. भातुकलीची भांडी, चिंचोके, पुठ्ठ्याच्या नोटा एवढे साहित्य पुरते. विकणारा, घेणारा, मोड परत देणारा, अशा भूमिका वाटून द्याव्यात. दुकानात सफरचंदे आणि केक मांडण्याची गरज नाही. बेळगावचा कुंदा मांडावा, मांडे मांडावेत. कुंदा इंग्रजीतही कुंदाच राहतो. इंग्रजी बोलण्यासाठी आपले घर, आपले गाव सोडून दुसरीकडे जावे लागत नाही, ही जाणीव या खेळातून मुलाला आपसूक मिळते.

तिसरा खेळ वस्तू लपविण्याचा. खडू पेटीत, पेटीवर की पेटीखाली? मराठीत जागा दाखविणारा अंश नामाच्या मागून येतो. इंग्रजीत तो नामाच्या पुढे उभा राहतो. मराठीत आणि कन्नडमध्येही क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते; इंग्रजीत ते मध्येच येते. हा सगळा उलटापालटीचा व्यवहार फळ्यावर समजाविण्यास पाच-सहा वर्षांचे वय योग्य नाही. खडू शोधण्याच्या नादात मात्र 'ऑन द बॉक्स', 'अंडर द बॉक्स' हे शब्दसमूह अखंड स्वरूपात तोंडात बसतात.

आपल्याच राज्याच्या राजधानीत झालेल्या एका प्रयोगाची येथे आठवण होते. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूर व मद्रास परिसरातील काही शाळांत इंग्रजी अध्यापनाचा एक प्रयोग झाला. तो 'बंगळूर प्रकल्प' म्हणून जगभर ओळखला जातो. विद्यार्थ्याचे लक्ष अर्थावर, हातातील कामावर केंद्रित असते तेव्हा भाषेचे रूप त्याला अधिक चांगले अवगत होते, ही त्यामागची धारणा. नकाशावरून वाट शोधणे, वेळापत्रक वाचून प्रश्न सोडविणे, असे ते वर्ग चालत. त्या प्रयोगातील विद्यार्थी बालवर्गातील नव्हते. परंतु बालवर्गातील मुलाचे 'काम' म्हणजे खेळच असल्यामुळे ते तत्त्व येथे अधिकच लागू पडते.

मग त्या पाच वर्षांच्या मुलीचे काय चुकले? गाणी तर तिला येत होती. चुकले एवढेच, की तिच्या शाळेत मराठी बोलण्यास मज्जाव होता आणि तिच्या बाईंजवळ अर्थ सांगण्याइतके इंग्रजी नव्हते. त्यामुळे अर्थ दोन्ही वाटांनी अडला. ज्या घरात इंग्रजी बोलले जात नाही, ज्या गल्लीत ते ऐकू येत नाही, तेथे इंग्रजी माध्यम मुलाला इंग्रजीचा सहवास देते हा समज फसवा आहे. ते त्याला इंग्रजीचे पाठांतर देते. पुढे तिसरी-चौथीत परिसराचे पाठ आणि गणितातील शाब्दिक उदाहरणे समोर येतात, तेव्हा 'म्हणायला येतंय' एवढ्याने भागत नाही.

याउलट मराठी शाळेतील शिक्षक गाणे शिकविण्यापूर्वी त्याची गोष्ट मराठीत सांगू शकतो. दोन मिनिटांची गोष्ट सांगितली की पुढची पंधरा मिनिटे निर्धास्तपणे इंग्रजीत चालविता येतात. कॅनडातील भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे, एका भाषेत पक्के झालेले वाचन-विचाराचे कौशल्य दुसऱ्या भाषेच्या कामी येते. देवनागरीत अक्षर आणि ध्वनी यांचे नाते बरेच सरळ आहे. इंग्रजी स्पेलिंगचे तसे नाही. म्हणून आधी देवनागरीत वाचन पक्के व्हावे, तोवर इंग्रजी कानात आणि तोंडात खेळावे, आणि त्यानंतर लिपीचा परिचय व्हावा, हा क्रम मला इष्ट वाटतो. महाराष्ट्राने २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले; कर्नाटकातही २००७-०८ पासून ते पहिलीपासून आले. परंतु मी पाहिलेल्या बहुतेक वर्गांत विषय आला तो मुळाक्षरे गिरविण्याच्या आणि स्पेलिंगे घोकण्याच्या रूपाने. खेळ आणि गाणी मात्र खाजगी शाळांच्या जाहिरातींत जाऊन बसली.

आपल्यातील काही भाषाप्रेमींना इंग्रजी बालगीते मुळातच खटकतात. इंग्रजी गीत पावसाला 'जा' म्हणते आणि आपले मूल पावसाला पैशाचे आमिष दाखवून बोलावते, हा दाखला भाषणांतून नेहमी दिला जातो. मला हा आक्षेप वरवरचा वाटतो. इंग्लंडच्या हवेत पाऊस कंटाळवाणा असतो, आपल्याकडे तो अन्नदाता आहे. दोन देशांच्या पावसातील हा फरक मुलांना सांगितला, तर तो भूगोलाचा पहिला सुंदर पाठ ठरेल. एका परक्या गीताने आपली संस्कृती बुडत नाही. मात्र आपली बडबडगीते, आपली हादगा-भोंडल्याची गाणी मुलाच्या कानावर कधी पडलीच नाहीत, तर त्याला तुलना करायला काहीच उरत नाही. तो धोका खरा आहे. ज्या वर्गात रोज एक इंग्रजी गाणे होते, तेथे रोज एक मराठी गाणेही झालेच पाहिजे.

हा प्रश्न केवळ अध्यापनाचा नाही, तो आपल्या अस्तित्वाचा आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगते. या कलमाच्या आधारे आपण शाळा मागतो, शिक्षक मागतो, आणि ते मागत राहिलेच पाहिजे. परंतु मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच एका खटल्यात निर्वाळा दिला, की प्राथमिक शिक्षणासाठी राज्य मातृभाषेचे माध्यम लादू शकत नाही. माध्यमाची निवड पालकांची आहे. पुढे २०१९ साली राज्य सरकारने एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडण्याचा निर्णय घेतला. म्हणजे यापुढे मराठी शाळेत मूल येईल ते पालकाच्या विश्वासाने. कलम ३५० अ आपल्याला शाळा मिळवून देईल, पट मिळवून देणार नाही. मोर्च्यात 'मराठी वाचवा' म्हणून घोषणा देणारा बाप दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या बसमध्ये मुलाला बसवितो, तेव्हा त्याला केवळ दूषणे देऊन काही साधणार नाही. त्याची इंग्रजीची निकड खरी आहे. तिला मराठी शाळेने उत्तर दिले पाहिजे.

हे उत्तर फार खर्चाचे नाही. बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतून आदिवासी मुलांचे शिक्षण उभे केले. महागड्या साहित्याची वाट पाहिली नाही. आपल्या शाळांतही रोज वीस मिनिटे पुरेत. शिक्षकांना आपल्या उच्चारांचा संकोच वाटतो, तेव्हा गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकांची मदत घ्यावी आणि स्वतः मुलांबरोबर शिकावे. सुट्टीत तालुक्यातील शिक्षकांनी दोन दिवस एकत्र बसून वीस गाणी आणि दहा खेळ निवडावेत, प्रत्येकाची मराठी गोष्ट ठरवून घ्यावी. बेळगावात शिकणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींनी आठवड्यातून एक तास गावच्या शाळेला द्यावा. संघटनांनी सत्कार आणि शाली यांवरील खर्चातील थोडा भाग एका ध्वनिक्षेपकासाठी आणि चित्रांच्या संचांसाठी वळवावा. आणि वर्षातून दोनदा पालकांना वर्गात बोलावून, मुले इंग्रजीत खेळतात ते प्रत्यक्ष दाखवावे.

पालकांसाठी एक साधी कसोटीही सुचवितो. मुलाला इंग्रजी गाणे म्हणता येते का, असे विचारू नका. त्या गाण्यातील एक शब्द काढून तेथे स्वतःचा शब्द घालता येतो का, ते पाहा. तसे करता आले, तर ते मूल भाषा शिकते आहे.

याच तालुक्यातील एका मराठी शाळेत मी ही कसोटी उतरताना पाहिली आहे. शेतावरील प्राण्यांचे एक इंग्रजी गाणे चालले होते. गाय झाली, बदक झाले. कोंबडा आपल्याकडे 'कुकूचकू' करतो आणि इंग्रजीत 'कॉक-अ-डूडल-डू' म्हणतो, हे कळल्यावर वर्ग खदखदून हसला. तेवढ्यात मागच्या रांगेतील एका मुलाने हात वर केला. "बाई, आमच्यात म्हैस आहे. तिला घालूया." बाईंनी 'बफेलो' हा शब्द दिला. लगेच दुसरा प्रश्न आला, "मग म्हैस इंग्लिशमध्ये कशी ओरडते?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "ते मलाही ठाऊक नाही रे. आपणच ठरवूया." पुढची पाच मिनिटे तो वर्ग म्हशीच्या इंग्रजी आवाजावर तावातावाने भांडत होता. भांडण अर्थातच मराठीत चालले होते. मग सर्वांनी मिळून एक आवाज ठरविला आणि गाण्यात म्हैस आली.

त्या शाळेचा पट तेव्हा अठरा होता. तो अठ्ठावीस व्हावा की आठ, हे ठरविणे अजून आपल्या हातात आहे.